बिनगरीच्या काड्या

मामाजी, आज सकाळी तुमच्या दगडावर अंगणवाडीची शालूबाई येऊन बसली. तुडुमाजवळच्या त्या काळ्या दगडावर, जिथून तलावाचं पाणी धानाच्या बांद्यांत सोडतात. मी सून होऊन या घरात आली तेव्हापासून त्या दगडावर तुमच्याशिवाय कोणाले बसलेलं पाहिलं नाही. तिले बिचारीले काय माहीत. पदर खोचला, टेकली आणि म्हणाली, "इथं सावली बरी हाय वो."

देवाजीकाका तिले उठवायले निघाले. तुमचे शाळेपासूनचे दोस्त ते, त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं होतं. मी त्यांची बाही धरली. "बसू द्या काका," म्हटलं. म्हणायले म्हटलं, पण मग मलेच तिथं उभं राहवेना. तलावाच्या पाळीचा बांध उतरली, बोरीच्या झाडामागं गेली आणि पदर तोंडात कोंबून रडली. तेरवीच्या दिवशीही इतकी रडली नव्हती. त्या दिवशी पाहुणे होते, पंगती होत्या, वरण पुरते का नाही याची धास्ती होती. रडायले सवड आज भेटली.

तुम्ही असे कसे गेले जी? भांडण अर्धं ठेवून कोणी जाते काय?

आपली ओळख मात्र भांडणातून झाली नव्हती. मले पाहायले तुम्ही सिहोऱ्याले आले होते. उमेश मान खाली घालून पोहे खाऊन राहिला होता. सोबतच्या कोण्या मावशीनं विचारलं, पोरीले छंद काय. आईनं मले पढवून ठेवलं होतं, भरतकाम सांगजो. माझ्या तोंडातून निघून गेलं, "गरी टाकते. नहरावर." आईचा चेहरा पडला. बाबा छताकडं पाहू लागले. आणि तुम्ही कप ओठाशी धरूनच विचारलं, "गांडूळ लावते का कणीक?" मी म्हटलं, "मासोळी पाहून." तुम्ही असे हसले की चहा पायजाम्यावर सांडला. निघताना माझ्या बाबांले म्हणाले, "पोराचं पोरगा पाहील, मले तर सून पसंत हाय." बाबा ही गोष्ट मरेपर्यंत सांगत होते.

मले वाटलं, आता काय, गरी टाकणाऱ्यांचं मंडळ घरचंच आहे. सासरा अध्यक्ष. पहिल्याच आयतवारी गरी टाकू. कुठलं काय! तुम्ही म्हटलं, "मंडळाचा नेम सुनेसाठी वाकत नाही." नवं माणूस आलं की त्यानं पहिले चार आयतवार पाळीवर नुसतं बसायचं. हातात काडी नाही, दोरा नाही, मोबाइल तर नाहीच नाही. पाणी पाहायचं. बुडबुडे कुठून येतात, बगळा कुठं थांबते, वारा फिरला की मासोळी कोणत्या काठाले सरकते. पाचव्या आयतवारी तुम्ही स्वतःच्या हातानं त्याच्या दोऱ्याले गरी बांधून देणार. तुमच्या हातची गरी बांधली म्हणजे तो मंडळाचा झाला. दुसरी काही पावती नव्हती. हातावरची मेंदी उतरली नव्हती माझ्या, आणि मी पाळीवर बसून मच्छर मारत होती. रस्त्यानं जाणाऱ्या बाया म्हणायच्या, सासऱ्यानं सुनेले राखणीले बसवलं काय वो?

पाचव्या आयतवारी तुम्ही माझी गरी बांधली. दाताखाली दोरा धरून, चष्मा कपाळावर सारून. गाठ ओढली आणि म्हटलं, "आता टाक." मी टाकली आणि घंटाभरात मरळ काढली, तुमच्या शिंगाळ्यापेक्षा मोठी. तुम्ही दिवसभर बोलले नाही माझ्याशी, आणि रात्री जेवताना रस्सा तीनदा मागून घेतला.

मग कुठं भांडणाले सुरुवात झाली. आणि ते भांडण एकच होतं, इतकी वर्षं. मंडळात नवं माणूस काहून टिकत नाही?

मी म्हणत होती, तुमच्या नेमानं टिकत नाही. पवनीले कापडाच्या दुकानात उभा राहणारा पोरगा, त्याले आयतवारची अर्धी सकाळ सुट्टी. तो काय चार आयतवार पाणी पाहायले येईल? त्याले घडीभर काडी हाती धरू द्या, हसू द्या, एखादी बोटभर मासोळी लागू द्या, मग तो आपणहून बसेल. तुम्ही म्हणत होते, "गरी टाकणं का मोठं काम हाय? काही लागलं नाही तरी पुढच्या आयतवारी येनं, ते काम हाय. तसा येईल तो आपला." मी म्हणायची, "पुढच्या आयतवारी येईल कसा जी? पहिल्याच आयतवारी तुम्ही त्याचं तोंड बंद करता." मामीजी चुलीजवळून ओरडायच्या, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही यांचा. तू कायले डोकं फोडून राहिली, भाकर जळली तुझी."

गोपालचं आठवते? मोबाइल दुरुस्तीवाला. नागपूरवरून चकचकीत काडी घेऊन आला होता, चकरीवाली. पाळीवर पाय ठेवला आणि फोनवर कोणाले तरी मोठ्यानं सांगू लागला, "हां हां, मछली पकडने आया हूं." तुम्ही त्याची काडी घेतली, झाडाले टेकवून ठेवली आणि म्हटलं, "बस." तो बसला. पहिला आयतवार बसला, दुसऱ्याले बसला, तिसऱ्याले त्याची सावलीही दिसली नाही. मी म्हटलं, गेला की नाही? तुम्ही म्हटलं, "जाणारा होता, गेला." किती राग आला होता मले तुमचा! दोन दिवस तुमच्या चहात साखर कमी टाकली. तुम्ही मुकाट्यानं पिला.

पण तुमचीही बाजू खोटी नव्हती, आणि तेच तर कठीण होतं. तलाव मासेमारी सोसायटीच्या ठेक्यात. त्यांनी सोडलेली राहू-कटला त्यांची, आपल्या गरीले लागली तर ओल्या हातानं सोडवून परत पाण्यात. मरळ, वाम, शिंगाळा आपला. धानाच्या रोवण्यापासून दसऱ्यापर्यंत गरी बंद, कारण मासोळी अंड्यावर असते. एवढ्या शब्दावर त्यांनी आयतवारच्या सकाळी तुडुमाकडची बाजू आपल्याले दिलेली. तुम्ही म्हणायचे, "हौशी माणूस एक राहू पिशवीत टाकून घरी नेईल, अन् सारी पाळ जाईल आपली. त्याले काय, तो दुसऱ्या आयतवारी सिनेमाले जाईल." हे खरंच होतं. म्हणून मी आवाज वाढवायची.

मग यंदा सोसायटीचे लोक घरी आले. चांगल्या मनानंच आले होते. चहा झाला आणि त्यातला एक म्हणाला, "मामा, तुमचे चार म्हातारे राहिले. एकाचे गुडघे गेले, एकाले दिसत नाही. कोणाकरता वेगळी बाजू ठेवायची आम्ही? दसऱ्यानंतर पाहून घ्या, माणसं येत असतील तर ठीक, नाहीतर तिकडंही जाळं टाकू." तुम्ही त्यांले दारापर्यंत पोचवलं. ते गेल्यावर बराच वेळ अंगणात उभे होते, आणि कोंबड्या तुमच्या पायांत दाणे शोधून राहिल्या होत्या.

मले राहवलं नाही. मी मोबाइलवर टाकलं: दसऱ्यानंतरच्या पहिल्या आयतवारी तलावावर या, काडी नसली तरी या, मंडळात नसले तरी या, बायांनीही या, गरी आम्ही शिकवू. गावच्या, पवनीच्या, सगळ्या ग्रुपवर. देवाजीकाकांच्या नातवानं ते तुम्हाले वाचून दाखवलं, आणि तुम्ही काठी आपटत घरात आले.

"तलाव का मंडई हाय?" म्हटलं तुम्ही.

"मंडईत माणसं तरी येतात," मी म्हटलं. "तुमच्या पाळीवर कोण येते? बगळे."

"गरी तू शिकवशील. बसनं कोन शिकवल?"

"बसणं तुमच्याजवळ ठेवा. लोकांले मासोळी पाहिजे."

"मग बाजारात भेटते. तिथं जा म्हना."

उमेश मधात पडला, तर आपण दोघंही त्याच्यावर धावलो. तो बिचारा गाडी काढून निघून गेला. संध्याकाळी मी ताट वाढलं तेव्हा तुम्ही माझ्याकडं न पाहता विचारलं, "कितीक जन येतो म्हनते?" मी म्हटलं, "येतील बरेच." तुम्ही भाकर मोडली, आणि म्हटलं, "पाहू."

पाहू! तुमचं 'पाहू' म्हणजे काय, हे या घरात कोणाले कधी कळलं नाही. उमेशनं मोटारसायकल मागितली तेव्हा पाहू म्हटलं, आणि आठवडाभरात दारात उभी केली. मामीजींनी काशीले जाऊ म्हटलं तेव्हाही पाहू म्हटलं, आणि ती काशी अजून व्हायचीच आहे. मी ठरवलं होतं, दसरा जवळ आला की तुमचा पिच्छा पुरवीन. हो तर हो म्हणा, नाही तर नाही म्हणा. आणि तुम्ही तर नवरात्र बसायच्या आधीच गेले. सकाळी छपरीतल्या खाटेवर चहा आणून ठेवला, हाक मारली, पुन्हा हाक मारली. चहावर साय आली. मी तिथंच बसली होती, हाक मारत.

एक गोष्ट सांगायची राहिली मामाजी. आता सांगते, रागावू नका.

माझे बाबा गेले ते वर्ष. सिहोऱ्यावरून दिवस करून मी परत आली, आणि मले काहीच सुचत नव्हतं. भाजीत मीठ नाही, दुधावर लक्ष नाही. एके दिवशी तुम्ही म्हटलं, "वर्षा, चाल." गरी बंद होती, भर पावसाळा. तुम्ही मले पाळीवर नेलं. दगडावर तुम्ही, खाली गवतावर मी. हातात काही नाही. तुम्ही बाबांचं नाव काढलं नाही, धीर धर म्हटलं नाही. समोर बांद्यांत बाया रोवणा करून राहिल्या होत्या, त्यांचं गाणं तुटक तुटक ऐकू येत होतं. किती वेळ बसलो, माहीत नाही. एक टिवळा पक्षी मासोळीसाठी पाण्यात पडला आणि उडाला, आणि मले त्या दिवसांत पहिल्यांदा भूक लागली. मी म्हटलं, "घरी चला जी, जेवायचं आहे." तुम्ही उठले.

बसणं काय असते, हे मले त्या दिवशी समजलं होतं. नेम तुमचा बरोबर होता. चार आयतवारचा नसेल, पण बसण्याचा बरोबर होता. मी हे तुम्हाले कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही भांडणात तेच माझ्या तोंडावर मारलं असतं. मले वाटलं, सांगू कधीतरी, तुम्ही अजून म्हातारे झाल्यावर. आता तुम्ही गेले, आणि मले पाळीवर घेऊन जाऊन गुमान बसवणारं माणूस कोण राहिलं? ज्यानं बसवलं असतं त्याच्याचसाठी तर बसायचं होतं.

तेरवी झाल्यावर मी गोठ्यात तुराट्या आणायले गेली. तुम्ही पावसाळ्यात तिथं बांबू घेऊन बसत होते, निखाऱ्यावर शेकून सरळ करत, जवसाचं तेल चोळत, मग आढ्याले टांगून खाली दगड बांधत, वाक जावा म्हणून. मी विचारलं होतं, एवढ्या काड्या कायले? तुम्ही म्हटलं होतं, "वालाच्या वेलाले लागतात." मी मान हलवली होती. वालाले कोणी जवसाचं तेल लावते काय? पण तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही, आपलं भांडण चालू होतं ना.

त्या काड्या अजून टांगल्या होत्या, आढं भरून. खाली ओढून पाहिल्या. टोकाले धागा गुंडाळलेला, धाग्याले मेण. प्रत्येकीले दोरा बांधलेला, प्रत्येकीले थर्माकोलचा तुकडा. काही काड्या लांब, काही आखूड, हलक्या, बायांच्या हाताले पेलतील अशा. आपल्या मंडळातल्या म्हाताऱ्यांजवळ त्यांच्या काड्या आहेत, जन्माच्या. मग ह्या कोणासाठी, हे सांगायले कोणी लागते काय?

ताकाले जाऊन भांडं लपवलं तुम्ही, मामाजी. माझ्याशी भांडत होते, आणि गोठ्यात लपून माझ्याच लोकांसाठी काड्या करत होते.

मी काड्या तशाच कवेत घेऊन मामीजींजवळ गेली. त्या भिंतीले टेकून बसल्या होत्या. पाहिलं, आणि म्हणाल्या, "सापडल्या? मले म्हनले होते, तिले सांगू नको, डोक्यावर बसल." आणि पदर डोळ्याले लावला. मग मी नीट पाहिलं. एकाही काडीले गरी नव्हती. दोरा होता, तुकडा होता, खाली शिश्याचा मणीही होता, आणि त्याच्याखाली दोरा मोकळा.

"मामीजी, गऱ्या काहून नाही बांधल्या जी?"

"मले का माहीत? मी पन विचारलं होतं. म्हनले, पाहू."

आम्ही दोघी हसलो. सुतक फिटून दोन दिवस झाले नव्हते, आणि आम्ही दोघी सासू-सुना गोठ्याच्या दाराशी हसत होतो, मग रडत होतो, मग परत हसत होतो. शेजारीण डोकावून गेली.

आता तुम्हीच सांगा, मी काय समजू? गऱ्या बांधायच्या राहिल्या, तेवढ्यात तुम्ही गेले? का तुम्ही ठरवूनच ठेवल्या नव्हत्या, की घ्या काड्या, धरा हातात, पण बसणं आधी, गरी मग मी बांधून देईन? अर्धं माझं, अर्धं तुमचं? तुम्ही तसंच केलं असतं, मले माहीत आहे. आणि तसं केलं असतं तर मी त्यावरही भांडली असती.

आज लोक आले. मी म्हटलं होतं तेवढे नाही, तुम्हाले वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त. शालूबाई आली, तिच्यासोबत गावातल्या बाया आल्या, डबे घेऊन. नाकाडोंगरीवरून उमेशच्या मावशीचा जावई आला. कापडाच्या दुकानातला पोरगा आला, दुकानाच्या चपला घालून. आणि गोपाल आला. चकरीवाली काडी आणली नव्हती त्यानं. मले म्हणाला, "ताई, माहे दोन आयतवार बाकी होते."

मी काड्या वाटल्या. माझ्या पिशवीत गऱ्यांचं पाकीट होतं, सगळ्यांपुरतं. हातात घेतलं, फोडलं, पहिली गरी चिमटीत धरली. आणि गोपालनं आपला मोकळा दोरा माझ्यासमोर धरून विचारलं, "ताई, आता गरी कोन बांधून देईल?"

त्यानं साधं विचारलं होतं. पण देवाजीकाकांनी तोंड फिरवलं. मी गरी परत पाकिटात टाकली. मले जमलं नाही मामाजी. दाताखाली दोरा धरला आणि सोडून दिला.

"आज बिनगरीचंच बसू," देवाजीकाका म्हणाले.

बसले सगळे. पाळीवर रांगेनं, काड्या पाण्यावर धरून. शालूबाई तुमच्या दगडावर. थोडा वेळ कुजबूज झाली, एका बाईले हसू आलं, मग तेही थांबलं. थर्माकोलचे तुकडे पाण्यावर नुसते तरंगत होते, त्यांच्याखाली काहीच नव्हतं. बगळा आला, तुडुमाजवळ उतरला आणि इतकी माणसं असूनही उडाला नाही. सोसायटीचा माणूस सायकल थांबवून पाहून राहिला होता. गेला तेव्हा हात जोडून गेला, आपल्याले का तलावाले, कोणास ठाऊक. गोपालचा फोन खिशात वाजला, तर त्यानं न पाहताच बंद केला. ऊन चढलं तरी कोणी उठेना. शेवटी शालूबाईनंच डबा उघडला आणि म्हणाली, "पुढच्या आयतवारी केव्हा येऊ वो?"

एकही मासा लागला नाही, आणि ती पुढच्या आयतवारचं विचारून राहिली होती. तुमचाच हिशोब होता ना हा? तसा येईल तो आपला. घ्या मग. आपले झाले ते सगळे. मंडळ वाचलं. लोक माझ्या बोलावण्यानं आले, आणि तुमच्या नेमानं बसले. आपल्या भांडणात कोण जिंकलं, हे विचारायले मी घरी आली, तर छपरीत खाट उभी करून ठेवलेली आहे.

आता ऐका. चार आयतवार-बियतवार मी काही चालू देणार नाही. पुढच्या आयतवारी मी गऱ्या बांधणार आहे, सगळ्यांच्या, माझ्या हातानं, शालूबाईच्या सगळ्यात आधी. गाठ तुमचीच मारीन, पण बांधीन मी. तुम्हाले पटत नसेल तर काठी आपटत या, तलाव का मंडई हाय म्हणा, साऱ्या गावासमोर मले रागवा. मी एक शब्द उलटून बोलणार नाही. तुम्ही फक्त अडवायले या.